आधी पाण्याचा चमचा

सुनेची जीभ हा घरोघरीचा तंट्याचा विषय. चालली तर म्हणतात घर मोडते, गप्प राहिली तर म्हणतात आतल्या गाठीची आहे. पण मंडळी, एक घर असं होतं, की तिथे सुनेची जीभ हलल्याशिवाय एक पोतं आत येत नसे.

ते घर कॉफीच्या व्यापाऱ्याचं. खाली भट्टी आणि गोदाम, वर बिऱ्हाड. हंगामात जिन्यापर्यंत पोती रचलेली असायची. वर जाताना अंग चोरून जावं लागे. डोंगरावरच्या बागांमधून माल आला की आधी मूठभर बिया काढायच्या, भाजायच्या, जाड दळायच्या, ओळीनं मांडलेल्या कपांत घालायच्या आणि वर उकळतं पाणी ओतायचं. मग सून आपल्या उंच स्टुलावर बसे. कपावर तरंगणारी कॉफीची साय चमच्यानं बाजूला सारी, नाक खाली नेई आणि एक चमचा असा सुर्रकन ओढी, की रस्त्यानं जाणाऱ्यानं वळून बघावं. तोंडात घोळवून ती पितळेच्या पिकदाणीत थुंके. तिचा नवरा दारातच उभा असे.

"स्वच्छ आहे?"

"स्वच्छ आहे."

झालं! माल उतरवून घेतला. तिनं मान हलवली, की गाडी आल्या पावली परत.

सासू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सगळं बघायची. "दुसऱ्या घरच्या सुना भुरके मारतात, तर त्यांना वळण नाही म्हणतात," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "आमची भुरके मारते, तर आमचं घर चालतं! नशीब लागतं हो."

सासूच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे कोरड्या विहिरीला पाझर. कारण ही सून डोंगराच्या पायथ्याच्या गावातली, गरिबाघरची. आली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी आली. कित्येक वर्षं तिनं भांडी घासली, पोती शिवली, आणि कोणी विचारलं तरच उत्तर दिलं. एकदा सहज म्हणाली, "या कॉफीला गोणपाटाचा वास येतोय." सगळे हसले. गिऱ्हाइकानं तोच माल त्याच कारणासाठी परत पाठवला, तेव्हा हसणं थांबलं. मग तिला स्टूल मिळालं. स्टूल मिळालं म्हणजे काय मिळालं, हे ज्या बाईला स्वतःच्या घरात हक्कानं टेकायला जागा नव्हती तिलाच कळेल.

आता नीट ऐका, सगळी गोम इथेच आहे. कॉफीचं फळ लाल असतं. त्याची साल काढली की आत बी, आणि बीवर चिकट गर. तो गर जावा म्हणून बिया हौदात भिजत घालतात आणि मग पाण्यानं खळखळून धुतात. मागच्या हंगामात सून एका घोटाला अडली होती.

"मागून जरा आंबूस लागतंय. धुणं कमी पडलंय."

नवऱ्यानं तिथल्या तिथे बागवाल्यांना फोन लावला. "पुन्हा धुवा. पाणी बदलून बदलून धुवा. आमच्याकडे घाणेरडा कप चालत नाही!"

बागवाले काय करणार? माल घेणारा हा एकटाच. त्यांनी धुतलं, पुन्हा धुतलं, आणि कप असा निवळला की सून स्वतःच खूश झाली. शहरातलं मोठं गिऱ्हाईक मिळालं. नवऱ्यानं नवीन पाकिटं छापून आणली. त्यांवर हिरवं पान, पानाखाली लिहिलेलं: 'निसर्गाला जपून पिकवलेली'. पान छान होतं. छापखान्यातल्या माणसानं काढून दिलं होतं. बागेत कोणी बघायला गेलं नव्हतं, कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं. धुण्याचं पाणी जातं कुठे, हा प्रश्न तर कोणाच्या डोक्यातही आला नाही.

पाणी उताराकडे जातं. ते सांगायला शाळा शिकावी लागत नाही.

या हंगामाच्या तोंडाला सुनेची आई आली. अंगानं उतरलेली, हातात नेहमीची पिशवी, पण पिशवीत या वेळी काही नव्हतं. कडेवर नात होती. सुनेच्या भावाची मुलगी. दिवसभर ओढ्याकाठी पळायची आणि सारखी बोलायची, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणत.

"टिटवी?" सासूनं कपाळाला आठ्या घातल्या. "विहीणबाई, असलं अभद्र नाव ठेवतात का पोरीला? टिटवी ओरडली की लोक दार लावून घेतात."

"आमच्याकडे ती ओढ्यावर ओरडली की पाणी आहे म्हणतात," सुनेची आई म्हणाली. "आता ओरडत नाही. पाखरूही नाही आणि ही पण नाही."

खरंच, पोर बोलत नव्हती. डोळे खोल गेले होते. हातापायांवर खाज येऊन खपल्या धरल्या होत्या. आत्याच्या मांडीवर ती गप्प बसली आणि पिकदाणीकडे बघत राहिली.

"आत्या, तू थुंकतेस?"

"हो गं."

"का? वाईट आहे?"

"नाही, चांगली आहे. तरी थुंकायची."

"आम्हाला वाईट लागलं तरी गिळावं लागतं," पोर म्हणाली आणि पुन्हा गप्प झाली.

सुनेच्या आईनं मग जावयाला सगळं सांगितलं. वरच्या बागांचं धुण्याचं पाणी ओढ्यात सोडतात. ओढा काळा पडलाय, फेस येतो, मासे उलटे झाले. ओढ्याकाठची विहीर नासली. डॉक्टर म्हणतात हे पाणी पिऊ नका. मोठी माणसं लांबून पाणी आणतात, पण तहान लागलेल्या पोराला लांब आणि जवळ कळत नाही.

"जावईबापू, तुमच्या एका शब्दावर ते धुतात. तुमच्याच एका शब्दावर थांबतील. निदान ते पाणी खड्ड्यात मुरवायला सांगा."

नवरा वाईट नव्हता. वाईट माणसं फार थोडी असतात, मंडळी. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारी मात्र गल्लोगल्ली सापडतात.

"आई, ऐन हंगाम आहे," तो म्हणाला. "खड्डे खणायला बागवाल्यांना वेळ कुठला? आणि धुणं कमी केलं, तर कप बिघडेल. मोठं गिऱ्हाईक स्वतः येतंय. एवढा हंगाम जाऊ द्या. पुढच्या वर्षी नक्की बघू."

आईनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं चमचा पुसायला घेतला. पुसलेलाच चमचा तिनं पुन्हा पुसला. 'थांबवा' एवढा एक शब्द तिनं उच्चारला असता, तर नवऱ्यानं ऐकलं असतं. पण कप बिघडला असता तर? स्टूल गेलं असतं तर? पुन्हा पोती शिवायला बसायचं?

"करतील ते पुढच्या वर्षी, आई," ती म्हणाली.

आईपुढे कॉफी ठेवली होती, तिला हातही न लावता ती उठली. जिन्यात पोत्यांच्या मधून अंग चोरून, नातीला छातीशी धरून ती उतरली.

हंगाम भरात आला. भट्टी थंड होत नव्हती. मोठं गिऱ्हाईक आता आठवड्यावर आलं होतं. सून स्टुलावर बसून एकामागून एक कप ओढत होती, आणि भावाचा फोन आला. तिनं तोंडातला घोट थुंकला आणि फोन कानाला लावला.

"ताई, टिटवी गेली."

सासू खुर्चीतून उठली. "काय झालं? कोण गेलं?"

सुनेनं सांगितलं. सासूनं स्वतः जाऊन सुनेची पिशवी भरून आणली.

माहेरच्या घरात भाऊ भिंतीला टेकून बसला होता. भावजयीचं रडूनही झालं होतं, ती नुसती चुलीकडे बघत होती. उलट्या, जुलाब, एका दिवसात पोर वाळून गेली. दवाखान्यात नेईपर्यंत अंगात पाणीच उरलं नव्हतं. सुनेनं भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला. भावजयीनं तो काढला नाही, आणि त्याच्याकडे बघितलंही नाही.

दुपारी आई म्हणाली, "चल, ओढ्यावर जाऊन येऊ."

लहानपणी या ओढ्यात तळाचे खडे मोजता येत. आता पाणी शिळ्या काढ्यासारखं दिसत होतं. दगडांवर बुळबुळीत साका बसला होता, कडेला फेस अडकला होता. पण सून थबकली ती वासानं. आंबलेला, कुजका, नाकात चिकटून बसणारा वास. तिच्या जिभेनं तो ओळखला! मागच्या वर्षी कपाच्या तळाशी लागलेला, एवढासा, कोणाला न कळलेला आंबूसपणा. तो तिनंच काढून टाकायला लावला होता. तो गेला नव्हता. तो इथे येऊन राहिला होता.

ती खाली बसली. "आई, हे मी केलं."

"तू एकटीनं नाही," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून तो ऐकवेना. "तू चव घेतलीस, जावयानं फोन केला, बागवाल्यानं धुतलं, शहरातल्या माणसानं पाकीट फोडलं आणि वा म्हणाला. प्रत्येकानं थोडं थोडं केलं. म्हणून तर कोणाच्याच हाताला काही लागलेलं दिसत नाही."

"मी काय करू आता?"

"मला कशाला विचारतेस? मी आले होते तेव्हा तू चमचा पुसत होतीस."

लेक रडायला लागली. आईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "अगं, आम्ही कॉफी नको म्हणत नाही. वरच्या बागांवर आपलीही माणसं कामाला जातात. बागा बुडाल्या तर आम्हीही बुडू. पण आपलं अंगण झाडून कचरा शेजारच्या दारात लोटणारीला आपण स्वच्छ म्हणतो का? तिला आपण काय म्हणतो ते तुला ठाऊक आहे. मग तुमच्या कपाला स्वच्छ का म्हणायचं?"

सून उठली. घरी जाऊन तिनं झाकणाची बरणी आणली, ओढ्यात बुडवली आणि भरून घेतली.

मोठं गिऱ्हाईक आलं ते इस्त्रीच्या कपड्यांत, स्वतःचा चांदीचा चमचा घेऊन. चव घेणारा जाणकार माणूस. नवऱ्यानं कप मांडले, खुर्ची पुसली, दोनदा हसला. सासू आपल्या कोपऱ्यात होती. सून माहेराहून आल्यापासून सासूनं तिला एकही टोमणा मारला नव्हता. घर कसं चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

सुनेनं आत दोन किटल्या ठेवल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत बरणीतलं. बरणीतलं तिनं गाळून चांगलं खदखदा उकळू दिलं. कप ओळीनं भरले.

पाहुण्यानं पहिला घोट ओढला. डोळे मिटले. "वा! काय स्वच्छ कप आहे!"

नवरा फुलला.

पाहुणा पुढच्या कपाकडे सरकला. सुर्रकन ओढलं, आणि दुसऱ्याच क्षणी पिकदाणी गाठली. थुंकला, पुन्हा थुंकला, रुमालानं जीभ पुसली. "हे काय आहे? सडलंय काहीतरी! हा माल तुम्ही मला विकणार?"

"माल तोच आहे," सून म्हणाली. "आधीच्या कपातलाच. पाणी वेगळं आहे."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, काय करतेस?"

तिनं तोच कप उचलला. चमच्यानं घोट घेतला, तोंडात घोळवला. पिकदाणी शेजारीच होती. ती थुंकली नाही. तिनं गिळला!

"ही कॉफी ज्या पाण्यानं धुतली, ते पाणी खाली माझ्या माहेरी जातं," ती म्हणाली. "तुम्हाला उकळून, गाळून, चमचाभर दिलं तर तुम्ही थुंकलात. माझी भाची हे न उकळता पीत होती. तिला थुंकायला पिकदाणी नव्हती. ती गेली. धुवा म्हणणारी जीभ माझी आहे, म्हणून सांगते, हा माल स्वच्छ नाही. माझ्याकडून हा पास नाही!"

पाहुण्यानं रुमालाची घडी घातली. त्यानं नवऱ्याकडे पाहिलं.

"पण तुमच्या पाकिटावर तर हिरवं पान आहे. मला वाटलं, कोणीतरी तपासून दिलेलं असेल. आमची गिऱ्हाइकं त्या पानासाठी घेतात."

नवरा म्हणाला, "ते... म्हणजे तसं..."

"ते पान छापखान्यातलं आहे," कोपऱ्यातून आवाज आला. सासू! काठी टेकत ती उठली होती. "आमच्या मुलानं काढून घेतलं. झाडाचं नाही ते, शाईचं आहे. मी जन्मभर लोकांना तोडून बोलले, पण खोटं बोलून एक दाणा विकला नाही. आणि त्या पोरीला..." तिनं काठी एकदा आपटली. "त्या पोरीला मी या खोलीत अभद्र म्हणाले. अभद्र काय होतं ते आता कळलं. न्या हो तुमचा चांदीचा चमचा. सून म्हणते माल पास नाही, म्हणजे नाही!"

पाहुणा गेला. चिडून नव्हे, पण माल न घेता. आणि मंडळी, इथे गोष्ट गोड करून सांगायची रीत आहे. ती इथे पाळता येणार नाही. गोदाम भरलेलं राहिलं. भट्टीवरचे गडी कमी करावे लागले. नवरा सुनेशी बरेच दिवस बोलला नाही. जेवताना सासूमार्फत मीठ मागायचा. शेवटी सासूनंच मिठाची वाटी त्याच्यापुढे आपटली.

"किती दिवस रुसणार? सोन्याची सुरी झाली म्हणून उरात खुपसून घेतात का? जा, ओढा बघून ये. मग पुन्हा रुस."

तो गेला. मेव्हण्याच्या घरात बसला. पाण्याचा तांब्या पुढे आला. लांबून आणलेलं पाणी होतं, चांगलं होतं, पण पिण्याआधी त्यानं त्याचा वास घेतला. कोपऱ्यात टिटवीच्या चपला तशाच होत्या. तिच्या आईनं त्या उचलल्या नव्हत्या. तो परत आला तेव्हा बायकोला एवढंच म्हणाला, "मी पुढच्या वर्षी म्हणालो होतो." आणि तोंड फिरवून रडला.

मग तो बागवाल्यांकडे स्वतः चालत गेला. फोन केला नाही. बागवाले म्हणाले, "साहेब, धुवा म्हणालात म्हणून धुतलं. आता नको म्हणता. आम्ही कोणतं ऐकायचं?" त्यांचंही खरंच होतं. वर्षानुवर्षं भाव पाडून घेणाऱ्यानं एकदम साधूचा आव आणला, तर विश्वास कोण ठेवणार? म्हणून आधी त्यानं भाव वाढवून दिला, आणि खड्ड्यांचा खर्च घरातून केला. सासूनं त्यासाठी आपल्या पाटल्या काढून दिल्या, आणि त्या दिल्याचं वर्षभर ऐकवलं. आता धुण्याचं पाणी खड्ड्यात निवळतं. तेच पाणी पुन्हा वापरतात. साली आणि गर कुजवून खत म्हणून झाडांनाच घालतात. काही बागा फळ न धुता तसंच उन्हात वाळवतात. त्या कॉफीची चव निराळी लागते, जरा फळाची. जुनी काही गिऱ्हाइकं ती नको म्हणून गेली ती गेलीच. काही नवी मिळाली. पाकिटावरचं पान काढून टाकलं. ते पुन्हा छापायचं तर बाहेरचं कोणीतरी येऊन बागा बघून जाईल तेव्हाच, असं ठरलं.

आणि घरात एक नवा नियम झाला. ज्या बागेचा नमुना येईल, त्याच्याबरोबर त्या बागेच्या खालच्या ओढ्याचं पाणी बाटलीत भरून आलंच पाहिजे. सून स्टुलावर बसते. आधी पाण्याचा वास घेते, मग ते उकळून त्याचा एक चमचा ओढते. नवरा दारात उभा राहून विचारतो, "स्वच्छ आहे?" पाण्याला हो मिळालं, तरच कपाला हात लागतो. पाणी नासलेलं असेल, तर कॉफी कितीही सुगंधी असो, गाडी परत!

सुनेची आई अजूनही अधूनमधून येते. तिच्यापुढे कॉफी ठेवली, की ती कप हळूच उपडा घालते.

"अजून नाही, आई?" लेक विचारते.

"पाणी निवळलंय. पण पाखरू आलेलं नाही," ती म्हणते. "ओढ्यावर टिटवी ओरडली की पिईन."

तो एक कप सासूनं फळीवर वेगळा ठेवलाय. दुसऱ्या कोणाला त्यात देत नाही.

तेव्हा बंधूंनो आणि बायांनो, सकाळचा कप ओठाला लावताना जरा थांबा. चव आपली जीभ सांगते, पण त्या चवीची किंमत कोणाच्या घशानं मोजली ते जीभ सांगत नाही. ते विचारावं लागतं. दुकानदाराला विचारा, पाकिटावर पान असेल तर ते कोणी तपासलं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा. 'पुढच्या वर्षी बघू' असं कोणी म्हणालं, तर त्याला सांगा की एका घरात कोपऱ्यात लहान चपला आहेत, आणि त्यांना पुढचं वर्ष नाही.